रिसालदारीणकाकू आणि पागेच्या गल्लीचे पाणी

चौथीच्या भूगोलात 'आपल्या शहराचे पाणी' असा एक पाठ असे, आणि तो शिकविण्यासाठी मी एक मोठा तक्ता स्वतः रंगवून तयार केला होता. डाव्या कडेला तिघऱ्याचा तलाव, त्यातून निघालेली निळी रेघ, मध्ये मोतीझिलीजवळचे पाणी गाळण्याचे ठिकाण, मग उंचावरची टाकी, टाकीतून शहरभर पसरलेले नळ, आणि उजव्या टोकाला एक पितळी तोटी. क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक पायरीला आकडा घातला होता. रंग वाळावेत म्हणून तो तक्ता माझ्या खोलीच्या भिंतीला टांगलेला असताना शेजारच्या रिसालदारीणकाकू कोथिंबीर मागायला आत आल्या. नुकताच हंडा उतरवून आल्या होत्या, त्यामुळे हात ओले होते.

"हे काय मांडलंय, मास्तरीणबाई?"

मी पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत सारे समजावून सांगितले. काकूंनी ते लक्षपूर्वक ऐकले. मग ओले बोट तलावावर टेकवून त्यांनी ते निळ्या रेघेवरून तोटीपर्यंत चालवीत आणले, आणि तोटीच्याही पुढे, कोऱ्या कागदावर, वरच्या बाजूला नेऊन थांबवले.

"आणि आम्ही? आम्ही तर इथे राहतो ना?"

"काकू, नळ अजून तिथवर आलेले नाहीत."

"मग तुमचं चित्र अधुरं आहे. पोरींना अधुरं नका शिकवू. त्यांना वाटेल, पाणी इथेच संपतं."

असे म्हणून त्या कोथिंबीर न घेताच निघून गेल्या. तक्त्यावर तोटीच्या पुढे निळसर ओघळाचा एक डाग राहिला. मी तो पुसण्याचा प्रयत्न केला, पण जलरंगाचा डाग पुसल्याने वाढतो. पुढची दोन वर्षे तो तक्ता तसाच वर्गात लागत असे.

काकूंचे म्हणणे भूगोलाच्या दृष्टीनेही बरोबर होते. आमचे ग्वाल्हेर एका कातळाभोवती वसलेले आहे. किल्ल्यावरच्या लोकांनी त्या कातळातच तळी खोदून पावसाचे पाणी साठवले. पायथ्याच्या वस्त्यांनी विहिरी आणि पायऱ्यांच्या बावड्या बांधल्या. आणि दक्षिणेकडे सैन्याची छावणी पडली, तिचे पुढे लष्कर नावाचे शहर झाले, तेव्हा तिने आपल्या विहिरी खणल्या. शहर वाढले, विहिरी पुरेनात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दरबाराने दूरवर धरण बांधून तलाव केला आणि गाळलेले पाणी नळाने शहरात आणले. मात्र नळाचे पाणी आधी रस्त्यांना, सखल वस्त्यांना आणि मोठ्या घरांना मिळते. चढावरच्यांना ते सर्वांत शेवटी मिळते. आमची पागेची गल्ली चढावर होती.

किला गेटच्या बाजारातून आत शिरले की ही गल्ली तीन वळणे घेत किल्ल्याच्या कातळाला जाऊन टेकते. पूर्वी तेथे रिसाल्याचे घोडे बांधीत, म्हणून पागेची गल्ली. दख्खनेतून आलेली घोडेस्वारांची घराणी वरच्या अंगाला, आणि दरबारातील कारकून, पुराणिक, ज्योतिषी यांची घरे दुसऱ्या वळणाशी, दत्ताच्या देवळाभोवती. बावडी मात्र एकच, आणि तीही अगदी पायथ्याशी. पिढ्यानपिढ्या या गल्लीतील बायका हंडे घेऊन उतरत आणि हंडे घेऊन चढत.

सगुणाबाई काटकर या त्या गल्लीतील सर्वांत वरच्या घरातल्या. त्यांचे यजमान, नाना, संस्थानी फौजेत रिसालदार होते. संस्थान विलीन झाले, फौज मोडून देशाच्या सैन्यात मिळाली, आणि वयामुळे नानांना निवृत्त करण्यात आले. नानांनी ते मुकाट्याने स्वीकारले आणि ओट्यावर बसून राहू लागले. रिसालदारी मात्र घरातच राहिली. ती काकूंकडे आली.

त्या उंच होत्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, आवाज परेडच्या मैदानाला पुरेल असा. घरातल्या दोन मोठ्या हंड्यांना त्यांनी नानांच्या घोड्यांची नावे दिली होती, शमशेर आणि बिजली. "सुमन, बिजलीला घासून काढ, आज तिची चाल बरोबर नाही," असे त्या सुनेला सांगत, तेव्हा नवख्या माणसाला वाटे की मागच्या अंगणात खरोखरच घोडी बांधली आहे. गल्लीतल्या माणसांची पारखही त्या पाण्यावरूनच करीत. कोणी फार बोलला की तो "भोकाची कळशी", आणि मनात ठेवणारा "चिखलाने भरलेली सुरई".

चढावर त्या कधीही बसत नसत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर शमशेर, कमरेवर कळशी, अशा त्या एका दमात वर जात. बाकीच्या बायका वळणावर हंडा कट्ट्यावर टेकून दम खात. काकू त्यांना म्हणत, "बसू नका ग. चढावर बसलं की चढ वाढतो." फक्त तिसऱ्या वळणावर त्यांची चाल क्षणभर मंदावे. तेथे त्या कळशीत हात घालून ओंजळभर पाणी एका कोपऱ्यात शिंपडीत आणि पुढे जात. त्या कोपऱ्यात ना तुळस होती, ना देव. मला वाटे, घोडेस्वारांच्या घराण्यातली एखादी जुनी रीत असेल. मी कधी विचारले नाही.

नळासाठी त्यांचे अर्ज दरबारच्या काळापासून चालू होते, परंतु मध्यभारत राज्य झाल्यावर एक नवीन अडचण उभी राहिली. या राज्याचे सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे आणि उन्हाळ्यात इंदुराला जाई. काकू हिवाळ्यात कचेरीत जात, तेव्हा साहेब म्हणत की उन्हाळ्याच्या टंचाईत पाहू. उन्हाळ्याची टंचाई येई, तेव्हा साहेब इंदुराला गेलेले असत.

"आमचं सरकार म्हणजे नवी नवरी झालीय," काकू बावडीवर सांगत. "सहा महिने माहेर, सहा महिने सासर. आणि आमचं काम आलं की नेमकी ती दुसऱ्या घरी!"

एवढ्या वर्षांच्या विनोदाला धार आली ती त्या वर्षी, सुमनला दिवस गेल्यावर. काकूंनी सुनेच्या डोक्यावरचा हंडा त्याच दिवशी उतरवून ठेवला आणि दोघींच्याही खेपा स्वतः करू लागल्या. परंतु वयाची साठी जवळ आली होती आणि गुडघा कुरकुरत होता. पावसाळ्यात एकदा त्या तापाने पडल्या, आणि शुद्धीवर येऊन पाहतात तो कोपऱ्यात शमशेर भरलेला.

"कोणी आणलं हे पाणी?"

सुमनने चुंबळ दाराआड सरकवली. तिचे केस ओले होते. त्या दिवशी काकूंनी ते पाणी प्यायले नाही, आणि सुनेला रागावल्याही नाहीत. तापातून उठल्यावर मात्र त्या मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, ही पोर बाळंत व्हायच्या आधी नळ वर यायला पाहिजे. बस्स. आता दुसरं काही नाही."

नशीब असे की त्याच वर्षी मंजुरीही आली. सक्सेनाजी नावाचे एक ओव्हरसियर पाइपांचे गाडे घेऊन किला गेटला आले. गृहस्थ सज्जन होते आणि स्पष्ट बोलणारे होते. त्यांनी सर्व गल्ली पाहिली आणि काकूंच्या ओट्यावर बसून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्य संपून नवे मध्यप्रदेश राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, आणि अपुरी राहिलेली कामे नव्या राज्यात नव्याने मंजूर करून घ्यावी लागणार. "बाई साहब, मेरा खुद का तबादला भोपाल हो रहा है. काम हो गया तो हो गया, रह गया तो भगवान मालिक." दुसरी गोष्ट अशी, की गल्ली अरुंद, दोन्हीकडे कातळ, पाइप वर न्यायला एकच मोकळी जागा आहे, ती म्हणजे दत्ताच्या देवळाचे अंगण.

देवळाचे वहिवाटदार वामनशास्त्री. त्यांचा शब्द दुसऱ्या वळणावर शेवटचा असे. हेही सांगितले पाहिजे की शास्त्रीबोवा दुसऱ्याला नियम सांगण्याआधी स्वतः पाळीत. सत्तरी उलटली तरी पूजेचे पाणी ते रोज पहाटे ओलेत्याने स्वतः बावडीतून आणीत.

काकूंना वाटले, अडचण ती काय? पितळ शुद्धच असते. त्यांनी सक्सेनाजींकडून एक नवीकोरी तोटी मागून घेतली, चिंचेने घासून लखलखीत केली, आणि नवरात्रात सगळ्या गल्लीदेखत देवळाच्या ओट्यावर शास्त्रीबोवांसमोर ठेवली.

"बघा, शास्त्रीबोवा. आतून बाहेरून पितळ. तुमच्या देवाच्या समईसारखी. खोलून दाखवते." आणि घाईघाईने त्यांनी तिचे डोके पिळून उघडले. आतून एक तपकिरी चकती निघाली, ओट्यावर टप्कन पडली आणि घरंगळत शास्त्रीबोवांच्या पाटापाशी जाऊन थांबली.

शास्त्रीबोवा वाकून पाहू लागले. "हे काय?"

सक्सेनाजी प्रामाणिकपणे म्हणाले, "वॉशर है, पंडितजी. चमड़े का."

शास्त्रीबोवा पाट मागे सरकवून उठले. "रिसालदारीणबाई, दत्ताच्या अंगणातून चामड्याला लागलेलं पाणी जाणार नाही. तुम्ही माणूस चांगल्या आहात, पण हे होणार नाही."

ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. तोटी न उघडता कोणी विचारलेही नसते. पितळेवरच्या विश्वासानेच काकूंनी आपल्या हाताने ती उघडून दाखवली होती. गल्लीतली चार घरे हसली, चार घरांनी माना डोलावल्या. सक्सेनाजींनी सांगितले की दसऱ्यापर्यंत वाट पाहतो, मग पाइप दुसऱ्या मोहल्ल्यात नेतो. "मजबूरी है."

दोन दिवस काकूंचा आवाज गल्लीत ऐकू आला नाही. तिसऱ्या दिवशी मला फूलबागेच्या बाजूला काही कामासाठी जायचे होते. काकू म्हणाल्या, "मी पण येते. घरात जीव घुटतोय." चढ उतरताना तिसऱ्या वळणावर त्या थांबल्या. त्या दिवशी हातात कळशी नव्हती, तरी त्यांची नजर त्या कोपऱ्याकडे गेली.

"तुम्ही कधी पुसलं नाही, म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "माझं पहिलं इथे गेलं. पाचवा महिना होता. पाय घसरला. सासूबाई धावत आल्या, तर हंडा माझ्या हातात तसाच भरलेला. हंडा सुटला नाही, मास्तरीणबाई. ती सुटली."

एवढे बोलून त्या भराभर पुढे चालू लागल्या. मला त्यांच्याबरोबर राहण्यासाठी जवळजवळ धावावे लागले.

फूलबागेजवळ सायकलचे पंक्चर काढणारा एक मनुष्य बसत असे. त्याने फुगवलेली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली होती आणि बुडबुडे कोठून येतात ते तो शोधीत होता. काकू सहज पाहत उभ्या राहिल्या. त्याने एका जागी ठिगळ चिकटवले, ट्यूब पुन्हा बुडवली. बुडबुडा आला नाही. काकूंनी आणखी एकदा बुडवायला सांगितले. त्याने बुडवली.

"भैया, ये हवा को रोकता है?"

"हाँ, माई. इसी का तो काम है."

काकू माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी रंग आला होता. "जे हवेला जाऊ देत नाही, ते पाण्याला कसं जाऊ देईल?" आणि त्याला म्हणाल्या, "भैया, एक पुराना ट्यूब दे दो. पुण्य लगेगा."

"पंक्चर से पुण्य?" तो हसत म्हणाला, पण ट्यूब त्याने दिली. ती गळ्यात हारासारखी घालून काकू फूलबागेपासून किला गेटपर्यंत चालत आल्या. माझी एकही विद्यार्थिनी वाटेत भेटली नाही, हे माझे भाग्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीनंतर त्या देवळात गेल्या. मला त्यांनी "साक्षीला" बरोबर घेतले होते. प्रदक्षिणा झाल्या, प्रसाद झाला, आणि मग त्यांनी ट्यूब ओट्यावर ठेवली.

"शास्त्रीबोवा, चामडं गेलं. आता ही चकती बसवायची."

"हे काय? रबर?"

"मास्तरीणबाई, सांगा ह्यांना, रबर कशाचं होतं ते."

वर्गात सांगावे तसे मी सांगितले, "रबराच्या झाडाला चीर दिली की चीक निघतो. तो साकळवून रबर करतात."

"आणि हिंग कशाचा होतो?"

"हिंगाच्या झाडाच्या मुळाचा चीक असतो तो."

काकू शास्त्रीबोवांकडे पाहून नम्रपणे म्हणाल्या, "हा पण चीक, तो पण चीक. वरणात चालतो, तर तोटीत नाही चालणार?"

देवळात खसखस पिकली. शास्त्रीबोवांनाही हसू आवरले नाही, परंतु ते सहज हार मानणाऱ्यांपैकी नव्हते. "अहो, पण हे सायकलीचं! गावभर रस्त्यावर फिरलेलं. घाणीतून, शेणातून..."

"ते टायर, शास्त्रीबोवा! रस्त्याला टायर शिवतो. ट्यूब तर आत असते. ती बिचारी जन्मभर सोवळ्यातच."

मग मात्र शास्त्रीबोवा इतके हसले की त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. बराच वेळ ट्यूब हातात घेऊन ते ताणून पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पण चकत्या मी कापीन. स्नान करून. वाटेल त्या हाताने कापलेली चकती देवाच्या अंगणात नको."

"तुमच्या हाताची असेल तर ती चकती नाही, प्रसाद," काकू म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी विचारले, "काकू, हिंग काबुलहून येतो तो पूर्वी चामड्याच्या पिशवीत बांधून येत असे, हे तुम्हाला ठाऊक होते?"

"ठाऊक होतं तर! माझ्या सासऱ्यांनी तसलीच पिशवी आणली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर वाद जिंकले असते आणि अंगण हरले असते. भांडणात समोरच्याला घरी जायला वाट ठेवावी, मास्तरीणबाई. वाट नाही ठेवली तर तो तिथेच बसून राहतो."

किला गेटच्या खालच्या सार्वजनिक नळावर सक्सेनाजींनी पहिली परीक्षा घेतली. शास्त्रीबोवांनी कापलेली चकती बसवली, तोटी बंद केली, आणि थेंब गळू लागले. टप्, टप्, टप्.

"रिसालदारीणबाई," शास्त्रीबोवा म्हणाले, "तुमचं रबर रडतंय."

"आनंदाश्रू आहेत ते."

सक्सेनाजींनी तोटी उघडली, एकावर एक अशा दोन चकत्या बसवल्या आणि पुन्हा बंद केली. थेंब थांबले. मग त्यांनी समजावून सांगितले, आणि ते शास्त्रशुद्ध होते म्हणून येथे देते. पाणी नळातून टाकीच्या पातळीपर्यंतच चढू पाहते. खालचा नळ टाकीच्या पुष्कळ खाली, म्हणून तेथे जोर अधिक. पागेची गल्ली टाकीच्या पातळीच्या जवळ, म्हणून तेथे जोर कमी. "नीचे रुक गया, तो ऊपर तो आराम से रुकेगा. वॉशर तो वॉशर है, बाई साहब. पानी रुकना चाहिए."

आता प्रश्न राहिला तो वेळेचा. दसरा झाला होता आणि नवे राज्य दिवाळीच्या पणत्यांबरोबरच येणार होते. सक्सेनाजींकडे मजूर थोडे, कारण सगळ्या शहरात अपुरी कामे उरकण्याची घाई उडालेली. त्या सकाळी काकू आपल्या ओट्यावर उभ्या राहिल्या. समोर ओट्याओट्यांवर नानांसारखे जुने घोडेस्वार बसले होते. फौज गेल्यापासून ते असेच बसत आले होते.

"ऐका सगळे!" काकूंचा आवाज पहिल्या वळणापर्यंत गेला. "घोडे गेले, कबूल. हात पण सरकारने जमा करून घेतले का?"

मग नाना उठले. आत जाऊन त्यांनी कमरेला पट्टा बांधला, बाहेर येऊन कुदळ खांद्यावर घेतली, आणि काकूंकडे न पाहता चढ उतरू लागले. त्यांच्या मागे दुसरा उतरला, मग तिसरा. थोड्याच वेळात सारी पाग उतरली. मी त्या गल्लीत इतकी वर्षे राहिले, परंतु त्या पुरुषांना पावलाला पाऊल जुळवून चालताना मी प्रथमच पाहिले. चर खणला गेला, पाइप जोडले गेले. देवळाच्या अंगणातील फरशी शास्त्रीबोवांनी स्वतः उभे राहून उचलवली आणि पुन्हा बसवून घेतली. आमच्या शाळेला सुट्टी होती. मी मजुरांसाठी आणि स्वारांसाठी चहा करीत होते. काकू वर-खाली येरझारा घालीत आणि ज्याची कुदळ मंदावेल त्याला त्याच्या जुन्या घोड्याच्या नावाने हाक मारीत.

दख्खनेतून आलेल्या आमच्या घरांत नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी पाणी भरण्याची रीत आहे. न्हाणीतली भांडी घासायची, त्यांना चुना-गेरूची बोटे ओढायची, गळ्याला झेंडूची माळ बांधायची, आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी ताजे पाणी भरून त्याची पूजा करायची. त्या वर्षी त्या दिवशी सकाळपासून साऱ्या गल्लीने भांडी सजवून दारात मांडली होती, आणि एकही बाई बावडीवर गेली नव्हती. जोखीम मोठी होती. पाणी आले नसते तर सणाच्या तोंडावर सगळी घरे कोरडी राहिली असती. काकूंनीच तसे सांगितले होते, "आज कोणी खाली उतरायचं नाही. आज पाणी वर येणार आहे."

दुपारी खाली व्हॉल्व उघडल्याची हाक आली. वरच्या तोटीसमोर सारी गल्ली जमली. तोटी उघडी होती. प्रथम काहीच झाले नाही. मग आतून फुसफुस आवाज येऊ लागला. नळात अडकलेली हवा बाहेर पडत होती. एक म्हातारा स्वार म्हणाला, "घोडा फुरफुरतोय." कोणीही हसले नाही. हवा थांबली. शांतता. काकूंनी तोटीवर हात ठेवला आणि अगदी हळू, केवळ जवळच्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चल, बेटा. एवढा चढ चढलास. आता बसू नकोस."

तोटी खोकली. तांबूस, गंजाळलेले पाणी पिचकारीसारखे उडाले आणि काकूंचे निऱ्यांपर्यंतचे लुगडे भिजले. पाहता पाहता ते फिके झाले, आणि मग काचेसारखी स्वच्छ धार पडू लागली. गल्लीत जो जल्लोष उठला त्याचे वर्णन मी करू शकणार नाही. देवळातली घंटा वाजत होती; ती शास्त्रीबोवा स्वतः वाजवीत होते. सक्सेनाजींनी टोपी काढून काकूंना नमस्कार केला. "बाई साहब, मध्यभारत का आख़िरी पानी आपके नाम."

"आखरी नहीं, भैया. हमारा तो पहिला है."

पहिला मान काकूंनी सुमनला दिला. सातवा महिना संपत आलेला, चालताना कमरेवर हात. तिने माळ घातलेली बिजली तोटीखाली धरली. हंडा भरला. सुमन सवयीने वाकून उचलू लागली, तेव्हा काकू ओरडल्या, "खबरदार!" आणि त्या काही करण्याआधीच नाना पुढे झाले. जन्मात कधी पाण्याच्या भांड्याला हात न लावलेल्या त्या रिसालदाराने भरलेला हंडा खांद्यावर घेतला आणि ताठ मानेने घरात नेला. काकूंनी पदराने तोंड पुसले. चेहऱ्यावर पाणी उडालेच होते, त्यामुळे काय पुसले ते कोणाला कळले नाही.

पौषात सुमनला मुलगी झाली. बाराव्या दिवशी काकू माझ्या खोलीत पेढे घेऊन आल्या. मी वर्गातला तक्ता घरी आणून त्यातील तोटीपुढच्या जुन्या डागावरून पागेची गल्ली रंगवीत होते. तीन वळणे, देऊळ, आणि सर्वांत वर एक नवी तोटी. काकूंनी नीट पाहिले.

"चढ कमी काढलात," त्या म्हणाल्या. "जरा खडा करा. पोरींना कळू दे."

मी तो खडा केला.

पुढे कितीतरी वर्षे शास्त्रीबोवांच्या चकत्या आसपासच्या गल्ल्यांत जात राहिल्या. लोक त्यांना 'सोवळे वायसर' म्हणत. पुढे काकूंचे चिरंजीव, म्हणजे सुमनचे यजमान, हरिशंकरपुरमच्या नव्या वसाहतीत घर बांधून तिकडे गेले. तेथे गच्चीवर टाकी आणि खोलीखोलीत नळ. नाना गेल्यावर काकूही तिकडेच राहू लागल्या. परंतु दर दिवाळीला, पाणी भरण्याच्या दिवशी, त्या नातीला बरोबर घेऊन पागेच्या गल्लीत येत आणि वरच्या तोटीचा पहिला तांब्या स्वतः भरीत.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते अशाच एका दिवशी. मी निवृत्त झाले होते आणि बाजारातून पिशवी घेऊन सावकाश चढ चढत होते. तिसऱ्या वळणावर पाहते, तो काकू कट्ट्यावर बसलेल्या. वरून भरून आणलेला तांब्या शेजारी रिकामा होता आणि कोपऱ्यातली माती ओली होती. वर तोटीपाशी नात मैत्रिणींशी हिंदीत गप्पा मारीत होती. तिचे हसणे खालपर्यंत येत होते.

काकू चढावर बसलेल्या मी आयुष्यात प्रथमच पाहत होते. मला राहवले नाही. "काकू, तुम्ही आणि बसलात? चढ वाढेल ना!"

त्यांनी माझ्यासाठी कट्ट्यावर जागा केली, रिकाम्या तांब्यावर हात ठेवला आणि वरच्या हसण्याकडे कान देत म्हणाल्या, "वाढू दे, मास्तरीणबाई. पाणी आता माझ्या आधी वर पोचतं. मला कसली घाई?"